जिभेवरचं मीठ

कोंडवाड्याच्या कुडाला एक फट होती. तिच्यातून न्सोनाने भाजलेलं केळं आत सरकवलं आणि लेकीची बोटं घट्ट धरून ठेवली.

"आई, सोड. तो बघतोय," लुकेनी आतून म्हणाली.

"बघू दे मेल्याला."

बघणारा मपांझू होता, कोंडवाड्याचा राखणदार. माणूस इथलाच, म्पिंडा बंदरातला. चाकरी मात्र फिरंग्यांची. तो हाकलून देईल असं न्सोनाला वाटलं होतं, पण तो तिच्याशेजारी येऊन उकिडवा बसला.

"पोरीने मीठ खाल्लेलं नाही?"

तेच तर दुखणं होतं. कोंगोत बाप्तिस्म्याला मीठ खाणं म्हणत. पाद्री काय काय मंत्र म्हणतो ते कुणाला कळत नसे. जिभेवर चिमूटभर मीठ ठेवतो, तेवढं लक्षात राही. न्सोनाने ते लहानपणी खाल्लं होतं. गावावर धाड पडली तेव्हा धाडकऱ्यांनी एकेकाला नाव विचारलं. "इसाबेल," ती म्हणाली आणि तिची दोरी सुटली. ख्रिस्ती माणूस विकायचा नाही, असा कोंगोच्या राजाचा कायदा होता. लुकेनीकडे सांगायला तसं नाव नव्हतं. ती जन्मल्यापासून त्यांच्या गावाकडे एकही पाद्री फिरकला नव्हता. आई सुटली, लेक अडकली. असली सुटका काय चाटायचीय! बांधलेल्यांच्या मागोमाग चालत न्सोना समुद्रापर्यंत आली होती.

"आता खाल्लं तर?" तिने विचारलं. "आता मीठ खाल्लं तर सोडशील तिला?"

मपांझूने समोर पाहिलं. फिरंग्यांचं गलबत नांगर टाकून उभं होतं. शिडं गुंडाळलेली, बुडाला शेवाळ धरलेलं.

"मीठ खाल्लेल्याला मी या कोंडवाड्यात एक रात्रसुद्धा ठेवत नाही," तो म्हणाला. "गळ्याची शपथ. मी स्वतः ख्रिस्ती आहे, बाई. दॉम पेद्रू! दोन नावं आहेत मला. वर गेल्यावर देव कुठल्या नावाने शिव्या घालणार, कोण जाणे."

"मग पाद्री कुठाय?"

"नदीच्या वरच्या अंगाला. तापाने पडलाय म्हणे. कुणी बोलावलं तरी उठत नाही." त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "आईचं ऐकेल कदाचित. होडी देतो, वल्हवायला माणसं देतो. पण लवकर ये. आतली माणसं मरायला लागलीत."

ते खरंच होतं. रोज सकाळी कुणाला तरी पायाला धरून बाहेर ओढत. न्सोनाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पाद्री झोपडीत चटईवर पडला होता. म्हातारा, घामाने दाढी चिकटलेली. इतकी वर्षं इथे काढल्यामुळे भाषा मात्र त्याला चांगली येत होती.

"तुला गलबतवाल्यांनी पाठवलं?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

न्सोना सावध झाली. कोंडवाडा रिकामा करायचा म्हणजे फिरंग्यांशी वैर. म्हातारा घाबरत असणार.

"कसलं गलबत, बाबा? खाडीपलीकडे माझं गाव. लेक मरायला टेकलीय. मिठावाचून जाईल."

"बंदरात नाही ना?"

"नाही."

"क्रुसावर हात ठेवून सांग."

तिने भिंतीवरच्या लाकडी क्रुसावर हात ठेवला आणि सांगितलं. जीभ जराही अडखळली नाही. लेकीपायी नरकात जावं लागलं तर जाऊ, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पाद्री भिंतीला धरून उठला. "मरणाऱ्याला तेवढं नाही म्हणता येत नाही मला," तो पुटपुटला आणि त्याने मिठाची पिशवी गळ्यात अडकवली.

होडीत तो ग्लानीतच होता. तिवरं संपून गलबताची डोलकाठी दिसली तेव्हा त्याने डोळे उघडले.

"काय केलंस हे, बाई?"

"आईने करायचं तेच," न्सोना म्हणाली. "खोटं बोलले, पण लेक खरी आहे."

"मागे फिरवा म्हणावं त्यांना."

वल्हेकऱ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काठावर मपांझूची माणसं उभीच होती. त्यांनी म्हाताऱ्याला दोन्ही बगलांना धरून आत नेलं आणि पाण्याचं पिंप आणून ठेवलं.

आतली माणसं मागे सरली. "गोरे खाणार आहेत आपल्याला," एक जण ओरडला. "म्हणून मीठ लावतायत!"

न्सोनाने फटीला तोंड लावलं. "अरे वेड्या, मी खाल्लंय ना? आणि मी आहे ना बाहेर? तोंड उघडा सगळे! थुंकू नका, गिळा!"

त्यांनी तिचं ऐकलं. जिभेवर मीठ, डोक्यावर पाणी, एक नाव. नावं सुचेनाशी झाली तेव्हा पाद्र्याने अख्ख्या ओळीला जुआंव करून टाकलं.

"देवाने हाक मारली की सगळेच ओ देणार!" मघाचाच माणूस म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तिथे कुणीतरी हसलं.

लुकेनीपाशी पाद्र्याचा हात थबकला. त्याने फटीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मपांझूने त्याचं कोपर ढकललं. "आटपा बाबा."

"द्या हो," न्सोना रडत म्हणाली. "द्या माझ्या पोरीला."

पाद्र्याने मीठ दिलं. लुकेनीची लुझिया झाली. न्सोना धावत गावाकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"उघड आता! शपथ घेतलीस."

"उघडतो की," मपांझू आतून म्हणाला. "एक रात्रसुद्धा ठेवणार नाही, म्हटलं होतं ना?"

अडसर निघाल्याचा आवाज झाला. पण तिच्यापुढचं दार हललं नाही. आवाज समुद्राच्या बाजूने आला. पाठोपाठ साखळ्यांचा आला. गलबतावर खलाशी शिडं सोडत होते.

"विक्री तर आधीच झालीय. पण बाप्तिस्मा नसलेला माणूस गलबतावर चढवायचा नाही, असा फिरंग्यांच्या राजाचा कायदा आहे, बाई," मपांझू कुडापलीकडून म्हणाला. "पाद्र्यावाचूनच तर इतके दिवस अडलं होतं."