यंत्रातला भुंगा

“नीज नीज पाखरा, माझ्या पदराचा निवारा...” आईचं एवढंच आठवे. ती आम्हाला टाकून पळाली, असं बाबा सांगत. आत्याने तिच्या अंगाईची कॅसेट गुपचूप दिली. पण मी जुळवलेल्या डिजिटल ॲम्प्लिफायरच्या गुणगुणीत सूर बुडत होते. “यंत्रात भुंगा पाळलायस काय?” बाबा हसले. दोष वीजपुरवठ्यात वाटला, म्हणून ॲडॅप्टर काढून स्कूटरची बॅटरी जोडली. भुंगा मेला. आई स्वच्छ गाऊ लागली. कॅसेटमध्येच, गाण्यामागे खुर्ची आपटली. “गातेस अजून?” बाबांचा तरुण आवाज. चपराक. पुन्हा चपराक. आईचा सूर फाटला, पण माझी झोप मोडू नये म्हणून अंगाई थांबली नाही. बाबांनी ॲम्प्लिफायर भिंतीवर फोडला, माझ्यावर हात उगारला. आत्याने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. “वहिनी टाकून गेली नाही, दादा. तुझ्या हातून मरण्याआधी मीच तिला बाहेर काढलं. ती रोज मला पोरीचं विचारते.”