विंचवाचा मंत्र

"जमलं, आबा!" मी लॅपटॉप खाटेवर ठेवला. विंचवाच्या विषापासून वेदनाशामक रेणू मी तीन वर्षं कॉम्प्युटरवर घडवत होते. आज पडद्यावर त्याने वेदनेची वाट चपखल बुजवली होती.

हाडांच्या कॅन्सरने तळमळणाऱ्या आबांनी दातांखालचा ओठ सोडवला. "मग दे की."

"औषध व्हायला अजून दहा वर्षं तरी लागतील."

गावात कुणाला विंचू चावला की आबा उतरवायचे. चावलेल्याचा हात धरून मंत्र पुटपुटत बसायचे. आता त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. "उतरव."

"मला मंत्र येत नाही."

"मला तरी कुठे येत होता, पोरी? नुसता पुटपुटायचो."

मी हात धरून रेणूचे आकडे पुटपुटले. "उतरलं?"

आबांनी मान डोलावली आणि ओठ पुन्हा दातांखाली धरला.