वरच्या सुरातली चीर

काचेपलीकडच्या खोलीत, मायक्रोफोनसमोर मुलगी उभी होती. केस डाव्या डोळ्यावर ओढलेले, जाकिटाची कॉलर उभी. बाईंना पाहताच तिने लगबगीने हात हलवला. बाईंनी हलवला नाही. ती कॉलर त्यांची होती. केसही त्यांचेच. त्यांचं गाणं गाजलं त्या वर्षी कितीतरी पोरींनी तसे केस कापून घेतले होते, पण त्या पोरींनी त्यावर गाणी विकली नव्हती.

“नक्कल म्हणू नका हो, बाई,” निर्माता खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. “प्रेरणा म्हणा.”

“प्रेरणा घ्यायला माझ्या दारात तर कुणी आलं नाही.”

तो मोकळेपणाने हसला. हसायला त्याचं काय जात होतं. मुलीचं पहिलंच गाणं गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत वर चढलं होतं आणि वरच बसून होतं. ठेका बाईंच्या जुन्या गाण्याचा, मुखडाही त्याच वळणाचा. दोन सूर तेवढे इकडचे तिकडे केलेले, कुणी बोट ठेवू नये म्हणून. बाईंनी वकिलाला दोन्ही गाणी ऐकवली, तेव्हा त्याने ‘सारखीच आहेत’ म्हणून मान डोलावली होती आणि मग खांदे उडवले होते.

“सगळं जमलंय,” निर्माता म्हणाला. “तुमची ती चीर तेवढी नाही. वरच्या सुराला तुमचा आवाज जरासा फाटायचा ना, लोक त्याच्यावर जीव टाकायचे. हिचं गाणं ऐकतात, तुमची आठवण काढतात आणि मग तुमचंच गाणं लावून बसतात. दुसऱ्या गाण्यात मला ती चीर हवी. तेवढी शिकवा. माझे बाबा असते तर त्यांनीही तुम्हालाच बोलावलं असतं.”

बाबांचं नाव निघालं तशा बाई सावरून बसल्या.

ती चीर त्या कुणाकडून शिकल्या नव्हत्या. घसा सुजून थुंकी गिळवत नव्हती, तेव्हा याच्या बाबांनी त्यांना रोज संध्याकाळी स्टेजवर उभं केलं होतं. गाणं एक नंबरवर आहे, आता बसून कसं चालेल, म्हणून. एका संध्याकाळी वरच्या सुराला आवाज टरकन फाटला आणि लोक खुर्च्यांवर चढले. त्यानंतर बाबांना रोज तसाच फाटलेला आवाज हवा झाला. दोन वर्षांत घशात गाठी झाल्या आणि बाईंना जिन्यातून शेजारणीला हाक मारणंही जमेनासं झालं. पेपरात मात्र आलं की बाई विश्रांती घेत आहेत.

“शिकवते,” त्या आपल्या खरखरीत, बसक्या आवाजात म्हणाल्या. “पण मध्ये कुणी बोलायचं नाही.”

आत गेल्या तशी मुलगी हेडफोन काढून पुढे आली.

“मावशी म्हटलं तर चालेल? आमची आई तुम्हाला माझी मावशीच म्हणते. म्हणजे घरात. भांडी घासताना तिचं तुमचंच गाणं चालू असतं. मी त्याच्यामुळेच गायला लागले.”

बाईंना हे नको होतं. नाक वर केलेली, आगाऊ पोरगी मिळाली असती तर बरं झालं असतं.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “वरून घे. पोटातून नको. गळ्यातून.”

“आमचे सर सांगायचे, गळ्यावर जोर देऊ नये.”

“सरांचं गाणं कधी एक नंबरला आलं होतं?”

मुलगी ओशाळून हसली आणि गायला लागली. आवाज स्वच्छ होता, नुकत्याच पुसलेल्या आरशासारखा. बाईंचाही होता तसा, अगदी सुरुवातीला.

“पुन्हा. अजून दाब.”

मुलगी गायली. पुन्हा गायली. मानेवरची शीर तटतटून वर आली, डोळ्यांत पाणी जमलं. तिने बाटलीकडे हात नेला तेव्हा बाईंनी बाटली उचलून खाली ठेवली. “पाणी नंतर. घसा कोरडाच हवा.”

प्रत्येक सुरासरशी बाईंच्या छातीत काहीतरी उबदार पसरत होतं. माझे केस घेतलेत, कॉलर घेतलीत, चाल घेतलीत. मग हेही घ्या. पुरतं घ्या. घशातल्या गाठींसकट घ्या. दोन वर्षांनी ही पोरगी तुमच्यासमोर तोंड उघडेल आणि नुसती हवा बाहेर येईल. तेव्हा कुणाला प्रेरणा म्हणता ते बघते.

“पुन्हा.”

वरच्या सुरावर आवाज फाटला.

काचेपलीकडे निर्माता खुर्चीतून उठला. त्याने रेकॉर्डिस्टला कडकडून मिठी मारली. स्पीकरमधून त्याचा आवाज आला. “हेच. देवाशपथ हेच. गाणं उद्याच रेकॉर्ड करू. पुढच्या महिन्यापासून रोज कार्यक्रम लावतो.”

मुलीचा चेहरा उजळला. मग तिने गळ्यावर तळवा ठेवला आणि हळू आवाजात, फक्त बाईंना ऐकू जाईल असं विचारलं, “मावशी, दुखतंय थोडं. तुम्हालाही दुखायचं?”

खरं उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी मुलीच्या गळ्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग काचेकडे पाहिलं. पलीकडे निर्माता फोनवर कुणाला तरी तारखा सांगत होता. हनुवटी वर करून बोलायची ढब थेट बापाची.

“सुरुवातीला,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“मग थांबतं.”

मुलीला हायसं वाटलं. तिने हेडफोन कानांवर चढवले, काचेकडे बघून अंगठा दाखवला आणि पुन्हा वरच्या सुरापासून सुरुवात केली.