विहीणबाईंची बाटली

वीस वर्षं सुलभाताईंनी घरात फिनेल, उदबत्ती, डासांची कॉइल असलं काही येऊ दिलं नव्हतं, कारण केतकीला लहानपणापासून दमा. तीच केतकी दिवाळसणाला माहेरी आली आणि तासाभरात धापा टाकू लागली. पंपानेही उतार पडेना.

सुलभाताईंनी तिच्या सासूबाईंना फोन लावला.

"आमच्याकडे तर ठणठणीत असते हो!" विहिणीच्या गोड आवाजात एक तरी सुई असतेच. "आम्ही 'श्वाससुखा'ने फरशी पुसतो. फिनेल आणि दम्याचं औषध एकाच बाटलीत. तुमच्याकडे नसेल म्हणून तिच्या बॅगेत घातलीये."

बाटली उघडताच सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच छाती आवळणार आणि हेच ती सोडवणार, पुढच्या पुसण्यापर्यंत. त्यांना कळलं. पण आत केतकीला धड वाक्य बोलता येत नव्हतं. त्यांनी बादली भरली.

दहा मिनिटांत केतकी चकली मागू लागली. चार दिवस फरशी रोज दोनदा पुसली गेली. पाचव्या दिवशी निघायच्या गडबडीत तेवढं राहिलं.

"घरी पोचले की बरं वाटेल," केतकी दारातच धापा टाकत म्हणाली. "उरलेली बाटली नेते गं आई. तुला कशाला लागतेय?"

"ने की," म्हणत सुलभाताई तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाल्या. जिन्यात त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजली. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"केतकी," त्या कशाबशा म्हणाल्या, "बाटली राहू दे."