संयत, अंतर्मुख आणि मनाला थंडावा देणारा

परीक्षकांनी घंटीवर ठेवलेलं बोट तिसऱ्यांदा मागे घेतलं. चार मजले चढून धाप लागली आहे, ती ओसरू दे, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. आले होते ते लिफ्टने.

आत जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं: ‘बाई, तुमचे यजमान माझ्यामुळे गेले.’ तीन दिवस आरशासमोर सराव चालला होता. ‘बाई’च्या पुढे गाडी सरकत नव्हती.

वर्तमानपत्रात दर शुक्रवारी काय पाहावं हे परीक्षक सांगत. एक विनोदी चित्रपट, एक हौसेने काढलेला आडवाटेचा छोटा चित्रपट आणि एक संगीतावरचा माहितीपट. पहिले दोन ते मन लावून पाहत. माहितीपट लावला की मात्र दहाव्या मिनिटाला मान कलंडायची. त्यामुळे गेली अकरा वर्षं माहितीपटांची शिफारस ते पोस्टर पाहून करत. पोस्टरवर डोळे मिटलेला माणूस असला की ‘अंतर्मुख’, उघडे असले की ‘प्रांजळ’.

गेल्या शुक्रवारचा माहितीपट एका वाद्यवृंदात लोखंडी त्रिकोण वाजवणाऱ्या गृहस्थांवर होता. डोळे मिटलेले. परीक्षकांनी लिहिलं, ‘संयत, अंतर्मुख आणि मनाला थंडावा देणारा.’

त्याच दुपारी कचेरीत एका बाईंचा फोन आला.

“सर, आमच्या ह्यांच्या छातीची शस्त्रक्रिया झालीय. डॉक्टरांनी हसायला सक्त मनाई केलीय. आतले टाके फार नाजूक आहेत म्हणे.”

“अरेरे. आणि रडायला?”

“रडलेलं चालेल म्हणाले. बेताने. तर तो त्रिकोणवाला दाखवू का? हसण्यासारखं काही नाही ना त्यात?”

“नाव काढू नका,” परीक्षक म्हणाले. “चुकून स्मितसुद्धा येणार नाही.”

“मग एवढं ह्यांनाच सांगता का? बायकोच्या शब्दापेक्षा छापील माणसाच्या शब्दावर भरवसा जास्त. स्पीकर लावते हं.”

“निर्धास्त पाहा, साहेब!” परीक्षक ठणकावून म्हणाले. पलीकडून “हं” असं आलं. त्या माणसाशी त्यांचं झालेलं बोलणं एवढंच.

सोमवारी उपसंपादकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. “काय हो, तो त्रिकोणवाला! हसून हसून मुरकुंडी वळली आमच्या घरात. माहितीपट कसला, सगळं खोटं, सगळे नट, आणि चेहरे असे की खरंच वाटावं. पण विनोदीच्या रकान्यात का नाही टाकलात?”

बाईंचा नंबर टेबलावरच्या वहीत होता. फोन दिरांनी उचलला. “दादा काल गेले. सिनेमा बघताना. हसू आवरेना.”

त्या दुपारी परीक्षकांनी अकरा वर्षांत प्रथमच एक माहितीपट शेवटपर्यंत पाहिला. त्रिकोणवाला एका ठोक्यासाठी चाळीस वर्षं थांबतो आणि नेमका त्या क्षणी शिंकतो. परीक्षक दोनदा मोठ्याने हसले. त्याचा अपराधीपणा वेगळा.

“निदान बघून तरी लिहायचं होतंत,” बायको म्हणाली.

“अकरा वर्षांत कुणाची तक्रार आली नाही गं.”

“आताही येणार नाही. तक्रार करणारा गेला.”

चौथ्या खेपेला त्यांनी घंटी दाबलीच.

बाईंनीच दार उघडलं; परीक्षकांनी आपण कोण ते सांगितलं. साठीच्या, नेटक्या. खोलीत खिडकीशी एक आरामखुर्ची रिकामी होती. बाजूच्या सोफ्यावर दीर बसले होते, हातात शुक्रवारच्या सदराचं कात्रण.

“म्हणजे हे तुम्ही!” दीर उठले. “संयत? थंडावा? वहिनीने विश्वासाने लावला हो तो सिनेमा!”

“भाऊजी, आवाज खाली,” बाई म्हणाल्या. “छापून आलं होतं. त्याला मी काय करणार, आणि हे तरी काय करणार? तुम्ही जरा खालून दूध आणता? चहा टाकायचाय.”

दीर पायात चपला सरकवून, धुसफुसत गेले. दार लागलं. परीक्षकांना जरा बळ आलं.

“फार हसरे होते का हो साहेब?”

“हो. विशेषतः मला हसायचे. मी चार माणसांत तोंड उघडलं की झालंच. माझं गाणं, माझं बोलणं, माझं चालणं. बत्तीस वर्षं.” त्यांनी खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली. “लोकांना वाटायचं, किती विनोदी माणूस.”



“बाई,” परीक्षक म्हणाले, आणि या खेपेला गाडी सरकली. “तो सिनेमा मी पाहिलाच नव्हता. पोस्टरवरून लिहिलं मी. साहेब माझ्यामुळे गेले. सदर बंद करतोय मी. हवं तर पोलिसांत येतो, तुमच्या दिरांसमोर कबूल करतो. तुमची झोप उडवून मला झोप कशी लागेल?”

बाईंना त्या भल्या माणसाची कीव आली असावी. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

“एवढं मनाला लावून घेऊ नका हो. तुम्ही नव्हता पाहिला, एवढंच ना?” त्या हलकेच म्हणाल्या. “मी पाहिला होता की. तुम्हाला फोन करायच्या आधी, दोनदा.”