रात्री नऊची गोळी

बाळ गेल्यापासून प्राची भिंतीकडं बघत बसायची. गोळ्या वाटणाऱ्या परदेशी योजनेचा फॉर्म भरायला गावची आशा सेविका संयोगिता आली, तेव्हा सासूबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं तिच्यापुढं ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. “एकबी घेतली न्हाईस व्हय गं?” संयोगितानं प्राचीला विचारलं. “कार्डावर रात्री नऊ लिवलंय, ताई. चातुर्मासात दिवस मावळल्यावर आमी पाणीबी घेत न्हाई.” “मग दिवसा घ्यायचीस!” “आवं, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलेली येळ,” सासूबाई म्हणाल्या, “आमी कशी मोडायची?” “अवेळी घेतली तर बाळाला बाधंल वाटलं,” प्राची सपाट आवाजात म्हणाली. या जैन घरात संयोगिता कितीदा उजेड असतानाच जेवली होती. तरी प्रशिक्षणात सांगितलेले रात्रीचे नऊ कार्डावर तिनंच लिहिले होते. फॉर्मवर गोळ्या न घेण्याच्या कारणाच्या चौकटी तीनच: विसरली, त्रास झाला, नकार. त्या कोऱ्या ठेवून तिनं खाली लिहिलं: “मी विचारलं नाही.”