ममझरचं नाणं

शेजारच्या फ्लॅटमधला नीरव सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन इथल्या, आखातातल्या ममझरच्या किनाऱ्यावर फिरतो आणि सापडेल ते ओळखायला माझ्याकडे आणतो. भोकाचा पैसा, जुना रियाल, कुणाच्या पैंजणाचा फासा, सगळं मी आजवर एका नजरेत सांगितलं आहे.

आज त्याने चांदीचा पातळ तुकडा आणला. “काकू, हे कॉईन खूप ओल्ड आहे ना? पुढे माणूस आहे. मागे मराठीत काहीतरी आहे, मला वाचता येत नाही.”

“नाणं नाही रे, टाक आहे. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून देव्हाऱ्यात ठेवतात.”

मी तो उलटा केला. मागे लिहिलं होतं, ‘विघ्नेश’.

आमचा मुलगा विघ्नेश सहा वर्षांपूर्वी कामाच्या बोटीवरून बेपत्ता झाला. देह मिळाला नाही, म्हणून मी त्याचे दिवस करू दिले नाहीत. हेही मला सांगत आले, “येईल गं तो.”

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी तोंडासमोरचा पेपर खाली घेतला नाही.

“अहो, कधी केलात?”

“पहिल्याच वर्षी, गावी गेलो तेव्हा,” पेपरामागून आवाज आला. “देव्हाऱ्यात ठेवायची हिंमत झाली नाही, कुंदा. किनाऱ्यावर पुरला.”

मी टाक नीरवच्या मुठीत कोंबला.

“हा आमचा नाही रे. होता तिथेच पुरून ये. खोल पूर.”